न्हावाशेव्यातून द्राक्षांचे रीफर: पहिल्या हंगामाचा अनुभव

जानेवारी ते एप्रिल २०२५ या काळात आमच्या निफाडच्या पॅकहाऊसमधून १९ रीफर (आतला माल थंड ठेवणारे कंटेनर) न्हावाशेव्याला गेले, सगळे रॉटरडॅमसाठी. आधी आम्ही दुसऱ्या निर्यातदाराला माल द्यायचो. स्वतःच्या नावावर शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) करायची ही पहिलीच वेळ. यंदा कुणी उतरणार असेल तर त्याच्यासाठी लिहितोय.

बंदराबद्दल मनात धास्ती होती, ती पहिल्या दोन-तीन गाड्यांतच गेली. पॅकहाऊसवर ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावलेला कंटेनर सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला) न नेता थेट टर्मिनलला लावता येतो. कस्टमचं काम पार्किंग प्लाझातच होतं. कागद नीट असले तर गाडी उगाच अडत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. २६ मे १९८९ ला सुरू झालेल्या या बंदराने २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या हिशोबाने) हाताळले, आणि तेही एका गेटमधून नाही. इथे पाच कंटेनर टर्मिनल आहेत, प्रत्येकाचं गेट वेगळं. तुमचं जहाज कुठे लागणार ते फॉर्म १३ वर (कंटेनर टर्मिनलच्या आत न्यायच्या कागदावर) बघून ड्रायव्हरला निघतानाच सांगा. आमची एक गाडी चुकीच्या गेटला गेली आणि वळून यायला अर्धी रात्र गेली.

खरा धडा फेब्रुवारीत मिळाला. पहाटे अडीचला ड्रायव्हरदादांचा फोन: "भाऊ, जेनसेट बंद पडलाय, डिस्प्ले काळा." जेनसेट म्हणजे रस्त्यात रीफरला वीज देणारा जनरेटर. गाडी कसारा घाट उतरून शहापूरच्या अलीकडे उभी. आत १३ टन थॉमसन जातीची द्राक्षं, सेटिंग शून्य अंशावर. ट्रान्सपोर्टरचा माणूस पोचून जेनसेट सुरू होईपर्यंत पाच वाजले आणि आतली हवा ४ अंशांवर गेली होती. टर्मिनलमध्ये प्लग लागला, तापमान पुन्हा खाली आलं, मला वाटलं सुटलो. पण तापमान असं वरखाली झालं की मण्यांना घाम सुटतो आणि मग कूज धरते. तिकडे पेटी उघडल्यावर डेटा लॉगरच्या (तापमान नोंदवणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर तो उंचवटा स्पष्ट दिसला. खरेदीदाराने भाव पाडला, आणि त्याच्याशी भांडायला आमच्याकडे काही नव्हतं.

दुसरी डोकेदुखी जहाजांच्या वेळापत्रकाची. तांबड्या समुद्रातला धोका टाळायला त्या हंगामात जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढलाच, शिवाय येणारं जहाज कधी लागेल त्याचा भरवसा राहत नव्हता. मार्चमध्ये एका जहाजाची तारीख आठवड्यात तीनदा बदलली. माल काढून, पॅक करून, प्रीकूलिंगला (भरण्याआधी थंड करायला) ठेवलेला. द्राक्षाचं आयुष्य जहाजावरच खर्ची पडणार असेल तर इथे वाया गेलेला एकेक दिवस जिवावर येतो. तेव्हापासून गेट-ओपनची (त्या जहाजाचे कंटेनर टर्मिनल घ्यायला लागतं ती) तारीख पक्की झाल्याशिवाय बागेत कात्री लावत नाही. शेतकरी कुरकुरतात, पण माल वेलीवर चार दिवस थांबू शकतो, पेटीत नाही.

आता निघण्याआधी जेनसेटचं डिझेल मी स्वतः बघतो. ड्रायव्हरदादा घोटी, पडघा आणि करळ फाट्याला थांबून डिस्प्लेचा फोटो पाठवतात. त्याचे वेगळे पैसे आम्ही देतो. हे सुरू केल्यानंतर गेलेल्या ११ कंटेनरांवर खरेदीदाराचा एकही क्लेम (खराब मालाचा दावा) आला नाही.