क्यूबेक सिटीत घर बुक करताना आम्ही कसे फसलो

आम्ही कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहतो. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून फेब्रुवारीत मुलाला बहिणीकडे ठेवून तीन रात्री क्यूबेक सिटीला जायचं ठरवलं. दोघंच असे कुठे गेल्याला चार वर्षं झाली होती. त्या तीन रात्रींचे आमचे ६२० डॉलर गेले. कसे गेले ते सगळं सांगते, कारण आपल्यातले बरेच जण उन्हाळ्यात, लाँग वीकेंडला तिकडे जातात आणि असंच घर शोधतात.

राहायचं ते तटबंदीच्या आत, ही माझी हौस. मेक्सिकोच्या उत्तरेला तट शाबूत राहिलेलं हे एकच शहर. १६०८ मध्ये शाँप्लेन या फ्रेंच दर्यावर्द्यानं वसवलेलं, १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत. पण आम्ही निवडलेल्या तारखांना तिथला हिवाळी कार्निव्हल होता आणि हॉटेलं रात्रीला तीनशेच्या पुढे. शोधता शोधता एका जाहिरातींच्या साइटवर सँ-झाँ रस्त्यावरचं छोटं अपार्टमेंट सापडलं. दगडी भिंत, छताला लाकडी तुळया, रात्रीचे १४० डॉलर.

मालक म्हणवणाऱ्यानं दहा मिनिटांत उत्तर दिलं, स्वच्छ इंग्रजीत. आम्हा दोघांनाही फ्रेंच येत नाही आणि तिथे गेल्यावर आपलं कसं होणार ही धाकधूक मनात होतीच. त्यानं ती बरोबर ओळखली. ‘इथे पार्किंगच्या पाट्यासुद्धा फ्रेंचमध्ये असतात, काही अडलं तर मला फोन करा,’ असं लिहिलं. कार कुठे लावायची, नाश्ता कुठे चांगला मिळतो, सगळं विचारायच्या आधी सांगितलं. परक्या ठिकाणी आपल्याला कळेल अशा भाषेत बोलणारा माणूस भेटला की तो आपला वाटायला लागतो. स्वस्त भाड्यापेक्षा आम्ही या आपलेपणाला भुललो, हे मी ठामपणे सांगते. भाव फारच कमी दिसला असता तर आम्ही सावध झालो असतो.

बुकिंगच्या साइटवरून पैसे भरले तर फी वाढेल, थेट ई-ट्रान्सफर (बँकेच्या अ‍ॅपमधून ईमेलवर पैसे) करा, म्हणाला. भाड्याचे ४२० आणि मोडतोडीचं डिपॉझिट २००. त्यानं स्वतःच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो पाठवला, सहीचा करार पाठवला. पैसे पाठवताना बँकेच्या अ‍ॅपवर आलं की समोरच्याचं ऑटो-डिपॉझिट चालू आहे, आणि खाली खातेदाराचं नाव दिसलं. ते लायसन्सवरचं नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, तर उत्तर आलं, ‘बायकोचं खातं आहे.’ आम्ही बटण दाबलं.

इथे जरा थांबून वाचा. साध्या ई-ट्रान्सफरला सुरक्षा-प्रश्न असतो आणि समोरच्यानं पैसे घेईपर्यंत तुम्ही ते रद्द करू शकता. ऑटो-डिपॉझिटला प्रश्न नाही, उत्तर नाही, पैसे थेट खात्यात जातात आणि मग रद्द करायची सोयच उरत नाही. ते नाव स्क्रीनवर दाखवतात ते तुम्ही वाचावं म्हणूनच. नाव जुळलं नाही तर तिथेच थांबायचं. बायकोचं खातं असो की भावाचं.

गुरुवारी पहाटे निघालो, जवळजवळ साडेआठशे किलोमीटर. पोचलो तेव्हा अंधार पडून गेला होता आणि उणे एकोणीस तापमान होतं. नंबर बरोबर होता, दारही होतं. पण त्यानं दिलेला चार आकडी कोड दाबायचा कुठे? दाराला जुनं पितळी कुलूप, किल्लीचं भोक, बस्स. की-पॅड नावाला नव्हता. नवरा हातमोजा काढून चौकटीवर, भिंतीवर, घंटीच्या मागे बोटं फिरवून बघत होता. मी फोन लावत होते. आधी वाजला, मग बंदच झाला.

शेवटी घंटी वाजवली. सत्तरीच्या एक बाई खाली आल्या. त्यांना इंग्रजी अगदी जेमतेम येत होतं. मी करार दाखवला, त्यांनी तो दिव्याखाली धरून वाचला आणि मान हलवली. फोनमधल्या भाषांतरातून कळलं की घर त्यांचं स्वतःचं आहे, भाड्यानं कधी दिलेलंच नाही, आणि याआधीही एक जोडपं असंच बॅगा घेऊन आलं होतं. त्यांनी आम्हाला आत बसवलं, हातात गरम दूध दिलं आणि फ्रेंचमध्ये एकामागून एक सहा ठिकाणी फोन केले. सँत-फ्वा भागात एक खोली मिळाली. ज्या भाषेला मी घाबरत होते, त्याच भाषेत त्या बाई त्या रात्री आमच्यासाठी भांडत होत्या.

झोप लागेना म्हणून हॉटेलात ते फोटो पुन्हा उघडले. स्वयंपाकघराच्या फोटोत ओट्यावरचं प्लग-पॉइंट दिसत होतं, दोन गोल भोकांचं. कॅनडात चपट्या पिनांचे प्लग असतात. ते घर कॅनडातलंच नव्हतं, युरोपातल्या कुठल्यातरी घराचे फोटो उचलले होते. करारावरचा पोस्टल कोड ‘एच’नं सुरू होत होता. तो माँट्रियालचा, क्यूबेक सिटीचा ‘जी’नं होतो. आठ दिवस ही दोन्ही आमच्या फोनमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी डफरिन टेरेसवर गेलो, खाली बर्फानं भरलेली सेंट लॉरेन्स नदी, वर शातो फ्राँतनाक हे किल्ल्यासारखं हॉटेल. मला काहीच नीट बघता आलं नाही. मोंमोरान्सीचा धबधबा, ८३ मीटरचा, नायगऱ्याहून उंच, तिथे मात्र थोडं हलकं वाटलं.

बँकेनं सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. क्रेडिट कार्डानं भरले असते तर निदान दाद मागता आली असती. आमच्या इथल्या पोलिसांत तक्रार दिली, आणि कॅनडाच्या फसवणूकविरोधी केंद्रालाही १-८८८-४९५-८५०१ वर फोन करून कळवलं. पैसे गेले असं वाटलं की त्याच मिनिटाला बँकेला फोन करा, आम्ही रात्र घालवली.

आणि मुख्य गोष्ट, जी आम्हाला ठाऊकच नव्हती. क्यूबेक प्रांतात पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घर भाड्यानं द्यायचं तर सरकारी नोंदणी लागते आणि तो क्रमांक जाहिरातीत छापावाच लागतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या माँट्रियालमधल्या इमारतीला आग लागून सात जण गेले, त्यात अशा घरांत उतरलेलेही होते. त्यानंतर नियम आणखी कडक झाले. आमच्या जाहिरातीत क्रमांक नव्हता. घर ठरवण्याआधी मालकाकडे तो मागा, सरकारच्या सार्वजनिक नोंदीत पत्त्याशी जुळवून बघा, आणि ‘नोंदणीचं नूतनीकरण चालू आहे’ असं कुणी म्हणालं तर दुसरं घर शोधा.

आम्ही कळवल्यावर ती जाहिरात काढून टाकली गेली. तीन आठवड्यांनी तेच स्वयंपाकघर, तोच दोन भोकांचा प्लग, माँट्रियालच्या पत्त्यावर पुन्हा दिसला. तोही कळवलाय. आता मी दर रविवारी बघते.