बारा जोड्या आणि पाच नर

निवृत्तीनंतर बजी या छोट्या पोपटांची पैदास करून थोडे उत्पन्न मिळवावे, या विचाराने मी नोव्हेंबर 2023 मध्ये सातारा जिल्ह्यातील एका विक्रेत्याकडून ‘खात्रीच्या’ बारा जोड्या घेतल्या आणि त्यात 26,400 रुपये गमावले. सांगलीतील दुकानांत, जिथे या पक्ष्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, तिथे साधी जोडी सहाशेच्या आसपास मिळत होती. तरीही मी जोडीला 2,200 रुपये मोजले, याचे कारण त्याची लेखी हमी होती: निघणारे प्रत्येक पिल्लू तो 450 रुपयांना परत घेणार होता. आमच्याच जिल्ह्यात, इस्लामपूर परिसरात, 2019 मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या परतखरेदीत किती कुटुंबे पोळली हे मी वाचले होते आणि त्या लोकांच्या भाबडेपणावर चहा पिता पिता मते मांडली होती. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर टंकलेला कागद स्वतःच्या हाती आल्यावर मात्र त्यातले काहीही आठवले नाही.

हा अनुभव लिहिताना एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो की, त्या माणसाने मला पक्ष्यांविषयी जे काही सांगितले त्यातले बहुतेक खरे होते. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जी मांसल पट्टी असते तिला पाळणारे नाकच म्हणतात. प्रौढ नराचे नाक निळे आणि विणीला आलेल्या मादीचे तपकिरी, एवढे मी वाचून गेलो होतो. पुढच्या पिंजऱ्यात त्याने तीन हिरव्या जोड्या ठेवल्या होत्या आणि त्यांतील नरांची नाके गडद निळी होती. उरलेल्या नऊ जोड्या लुटिनो (पिवळा), अल्बिनो (पांढरा) आणि रिसेसिव्ह पाइड (ठिगळठिगळ रंगाचा) या फिकट रंगांच्या होत्या. त्यांच्या नरांविषयी मी शंका काढताच तो म्हणाला, “काका, लुटिनोच्या नराचं नाक निळं होतच नाही. घरी जाऊन खुशाल वाचून बघा.” मी त्या रात्री वाचले आणि ते खरे निघाले: या रंगांच्या नरांचे नाक मोठेपणीही गुलाबी-जांभळट राहते. परंतु मला दिलेल्या नऊ ‘नरांची’ नाके गुलाबी-जांभळट नव्हती, तर खडूसारखी पांढुरकी होती आणि नाकपुड्यांभोवती फिकट कडी दिसत होती, म्हणजे विणीत नसलेल्या मादीची असतात तशी. त्याने नर कसा दिसत नाही हे सांगितले होते. तो कसा दिसतो हे मी विचारले नाही.

गच्चीवर दहा फूट बाय आठ फुटांची जाळी उभी करून, मादीमागे एक आणि वर दोन जादा अशी चौदा मडकी टांगली. जानेवारीत अंडी सुरू झाली, तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. मादी साधारण दिवसाआड एक, अशी चार ते सहा अंडी घालते आणि सुमारे अठरा दिवसांत पिल्ले फुटतात. सातव्या मडक्यात नऊ अंडी झाली. मी रोज वहीत नोंद करत असे आणि 19 जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात ‘सातमध्ये आज दोन नवीन’ असे लिहिलेले आहे. एकच मादी असती तर एका सकाळी दोन अंडी आलीच नसती. हे वाक्य लिहिताना मला आनंद झाला होता, याची आज लाज वाटते. नर नसला की दोन माद्या एकमेकींशी जोडी जमवतात, एक दुसरीला भरवते, दोघी अंडी घालतात आणि निष्ठेने उबवतात. ती अंडी अर्थातच वांझ असतात. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर मोबाइलच्या उजेडासमोर अंडे धरले तर आत तांबड्या शिरा दिसायला हव्यात. माझी बहुतेक अंडी शेवटपर्यंत स्वच्छ पिवळी दिसत राहिली.

फोन केला की तो शांतपणे कारण सांगे. जागा बदलल्यावर पक्षी रुळायला वेळ घेतात, हे खरे. मादीला कॅल्शियम कमी पडत असेल, समुद्रफेस टांगा, हेही योग्य. समूहात ठेवले की मडक्यांवरून भांडणे होतात आणि अंडी फुटतात, हे तर कोणीही सांगेल. मी समुद्रफेस टांगला, राळ्याला मोड आणले, उकडलेले अंडे कुस्करून घातले, दुपारच्या उन्हासाठी हिरवी जाळी लावली. प्रत्येक उपायाला तो “तीन आठवडे बघा” म्हणे. त्या तीन-तीन आठवड्यांचा अर्थ मला कागद पुन्हा वाचल्यावर कळला: पक्ष्यांविषयीची तक्रार ताबा घेतल्यापासून 90 दिवसांत करायची होती आणि ती मुदत फेब्रुवारीतच उलटली होती.

मार्चमध्ये एका मडक्यावरून दोन माद्या भिडल्या आणि एक मेली. त्यानंतर मिरजेचे एक जुने पक्षीपाळ परिचित पाहायला आले. त्यांनी आधी नाके न पाहता पायांतील कडी पाहिली. पिल्लू आठवडाभराचे असताना जे अखंड कडे सरकवतात ते मोठ्या पक्ष्याच्या पायात घालताच येत नाही, म्हणून त्यावरील वर्षावर विसंबता येते. माझ्या पक्ष्यांची कडी चिरेची, म्हणजे कोणत्याही वयात दाबून बसवता येणारी होती आणि त्यांवर 2023 कोरलेले होते. नोव्हेंबर 2023 मध्ये अनेक वेळा वीण झालेल्या म्हणून विकलेल्या माद्या त्याच वर्षी जन्मलेल्या कशा, हा साधा हिशेबही मी केला नव्हता. काहींच्या पायांवरचे जाड खवले पाहून त्या बऱ्याच वयस्क असाव्यात, असे ते म्हणाले. मग शंकास्पद नऊ ‘नरांची’ मुळासकट उपटलेली पिसे डीएनए तपासणीसाठी खासगी प्रयोगशाळेत पाठवली. नवांपैकी सात माद्या निघाल्या. बारा जोड्यांत नर एकूण पाच.

वकिलांनी सांगितले की, पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाच्या बाबतीत ‘ग्राहक’ ठरण्यातच अडचण येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार असेल तर कायद्यात सूट आहे, पण निवृत्तिवेतन घेणाऱ्याने ते सिद्ध करणे कठीण. शिवाय ऑनलाइन दिलेले 6,400 रुपये तेवढे दाखवता येतात. 20,000 रोख होते आणि त्याची पावती नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे.

अहवाल पाठवल्यावर त्याने वाद घातला नाही. “मग सात नर घेऊन जा ना, काका, तुम्हाला म्हणून निम्म्या दरात,” असे म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात मला तिघांनी पाठवली. तिच्यातील छायाचित्रात पुढच्या पिंजऱ्यात निळ्या नाकाचे तीन हिरवे नर ठळक दिसतात, आणि मागच्या पिंजऱ्यांतले पिवळे-पांढरे पक्षी पुसट आहेत.