सेलेनियम ग्रिड ४ : नोडची नोंदणी कॉन्फिग फाइलीतून

सेलेनियम ग्रिड म्हणजे वेबसाइटच्या चाचण्या अनेक मशिनांवरच्या ब्राउझरांत चालवणारी यंत्रणा. त्या मशिनांवर ब्राउझर उघडणारा तिचा भाग म्हणजे नोड, आणि नोडना काम वाटणारा मधला भाग म्हणजे हब. आमच्याकडे तीन मशिनं आणि त्यांवर मिळून पाच नोड. इतके दिवस प्रत्येक नोडची स्वतंत्र बॅच फाइल होती आणि तिच्यातली कमांड इतकी लांब, की ओळ स्क्रीनबाहेर जायची. कुठल्या नोडवर किती क्रोम चालतात असं कोणी विचारलं, की मी त्या मशीनवर लॉगिन करून बघायचे.

आता कमांड एवढीशीच: सर्व्हरची जार (जावा प्रोग्रामची फाइल), पुढे 'नोड' आणि टॉमल (TOML, सेटिंग्ज लिहायचा एक प्रकार) फाइलचं नाव. बाकी सगळं फाइलीत. ग्रिड ३ मध्ये हेच काम जेसन (JSON, माहिती लिहायचा दुसरा प्रकार) फाइल करायची, पण तिच्यात कॉमेंट लिहिता यायची नाही. टॉमलमध्ये येते, आणि माझ्या फाइलीत निम्म्या ओळी कॉमेंटच्याच आहेत. काही सांगितलं नाही तर नोड प्रोसेसरच्या कोअरइतकी सेशन्स (एकाच वेळी चालणारे ब्राउझर) घेतो. आठ कोअरच्या मशीनवर आठ क्रोम उघडले की मेमरी संपते, म्हणून तिथे ४ लिहिलंय आणि शेजारी कारणही.

खटकतं ते स्टिरिओटाइप, म्हणजे नोड कुठला ब्राउझर देऊ शकतो याचं वर्णन. त्याची किंमत जेसनमध्येच, एकेरी अवतरणात कोंबून द्यायची. म्हणजे टॉमलच्या पोटात जेसन! शिवाय प्रत्येक ब्राउझरचा विभाग दुहेरी चौकटी कंसात हवा. मी एकेरी टाकला, दुसऱ्या ब्राउझरला तेच नाव आलं आणि फाइल वाचणारा पार्सर अडला.

पहिला दिवस मात्र पोर्टांनी खाल्ला. फायरवॉलमध्ये मी फक्त हबचं ४४४४ पोर्ट उघडून घेतलं होतं. नोडची हाक हबपर्यंत जाते इव्हेंट बसवरून (ग्रिडच्या भागांमधल्या निरोपांचा मार्ग), म्हणजे ४४४२ आणि ४४४३ या पोर्टांवरून. नोड बिचारा दर १० सेकंदांनी हाक मारत राहिला, १२० सेकंद झाल्यावर गप्प बसला. पुढे एकाच मशीनवर दुसरा नोड चढवताना पहिल्याची फाइल जशीच्या तशी कॉपी केली. पोर्ट बदलायचं राहिलं, दोघेही ५५५५ वर! दुसऱ्याला ५५५६ दिल्यावर हबच्या पानावर दोन्ही चौकटी शेजारी-शेजारी उगवल्या, तेव्हा कुठे मी चहा प्यायले.

फाइली आता गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आहेत, त्यामुळे कोणी सेशन्स वाढवली की डिफमध्ये, म्हणजे काय बदललं त्या यादीत, दिसतं. पाचवा नोड अजून जुन्या बॅच फाइलीवरच चालतो. ते मशीन बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री कोणालाच नाही.