आठ महिन्यांनंतर ‘द किलिंग जोक’: लाल कोळंबी आणि पुसलेला पिवळा गोल

सवलत लागेपर्यंत तीन महिने कळ काढून मी ‘द किलिंग जोक’ या बॅटमनच्या कॉमिकची ही डीलक्स आवृत्ती घेतली. पार्सल उघडलं तर कोपरा चेपलेला, कणा तडकलेला. वाचायची घाई होती, म्हणून तेव्हा तक्रार केली नाही. पावसाळ्यात पानं सुटायला लागली तेव्हा विक्रेत्यानं ‘परतीची मुदत संपली आहे’ एवढं कळवून हात झटकले. एवढे पैसे घेऊन पुस्तक पातळ पिशवीत घालून पाठवायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

पण पानं सुटली म्हणून एक गोष्ट करता आली. मित्राकडे १९८८च्या मूळ रंगांतली प्रत आहे. ती मागून आणली, माझी पानं शेजारी फरशीवर मांडली आणि दोन रविवार त्यातच घालवले.

मूळ रंग जॉन हिगिन्सचे. चित्रकार ब्रायन बोलंडला ते पटले नव्हते, म्हणून २००८ साली या डीलक्स आवृत्तीसाठी त्यानं सगळं स्वतः नव्यानं रंगवलं. बॅटमनचा शत्रू जोकर, त्याचा भूतकाळ जवळजवळ काळापांढरा केला आणि मोजक्याच वस्तूंना लाल छटा दिली. दारूच्या अड्ड्यावर दोन गुंड जोकर होण्याआधीच्या त्या पडेल विनोदवीराला गळ घालताहेत, चेहरे करडे आणि टेबलावरची कोळंबी तेवढी लाल! पुढे हा लाल चढत जातो, डोकं झाकणाऱ्या त्या लाल टोपापर्यंत. माणूस कुठे घसरत चाललाय हे शब्दांआधी डोळ्यांना कळतं. सहा महिने मी सगळ्यांना हेच सांगत होतो की बोलंडचेच रंग खरे, हिगिन्सचे भडक.

आता तसं म्हणणार नाही. जत्रेची पानं शेजारी ठेवून बघा. जोकर पोलीस आयुक्त गॉर्डनला वेड लावायला निघालाय आणि हिगिन्सचे जांभळे, नारिंगी, हिरवे रंग तेच काम वाचणाऱ्यावर करतात. बोलंडच्या शांत रंगांत त्याची रेघ जास्त सुंदर दिसते, जोकरचे दात, हनुवटी, डोळ्यांखालच्या सुरकुत्या एकेक मोजता येतात, पण पोटात ढवळत नाही. तिथे मला हिगिन्सच हवा.

आणि तो पिवळा गोल! बॅटमनच्या छातीवरच्या वटवाघळामागे १९६४पासून पिवळा लंबगोल होता. मूळ पानांत तो आहे, बोलंडनं २००८मध्ये पुसून टाकला. रंग मनासारखे नव्हते म्हणून बदलले, ते समजू शकतो. पण पोशाख का बदलायचा? १९८८चं पुस्तक १९८८चं दिसायला हवं. पावसातल्या अंधारात नजर त्या पिवळ्यावर टेकायची, आता छाती आणि केप एक होऊन जातात. बॅटमन असलेलं प्रत्येक पान मी तपासलं, आणि प्रत्येक पानावर मला तो गोल आठवतो.

पानं शेवटी अप्पा बळवंत चौकातल्या बाइंडिंगवाल्या काकांकडे नेली. सुट्या पानांना जुजबंदी, म्हणजे घडीतून शिवण, होत नाही आणि वरून शिवलं तर चित्रांची कड आत जाईल, असं त्यांनी दाखवून दिलं. मग कापडी पट्टी लावून चिकटवायचं ठरलं. पानं क्रमानं लावताना ते थांबले. पहिलं आणि शेवटचं पान हातात धरून, डबक्यात पडणाऱ्या पावसाच्या चौकटींवर बोट ठेवून म्हणाले, “अहो, हे पान दोनदा आलंय का?”