‘किमी नी तोडोके’चे तिसरे पर्व: तेरा वर्षांची वाट आणि पाच भाग

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘किमी नी तोडोके’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे तिसरे पर्व नेटफ्लिक्सवर आले, तेव्हा दुसरे पर्व संपून तेरा वर्षे उलटली होती. दुसरे पर्व मी बेळगावात कॉलेजला असताना टिळकवाडीतल्या खोलीवर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पाहिले होते. तिसरे पाहिले ते खानापूरला मामाच्या घरी, दहावीतल्या मामेबहिणीला शेजारी बसवून, पावसामुळे दिवसातून दोन-तीनदा वीज जात असताना. मधल्या काळात माझी नोकरी लागली, लग्न झाले; सावाको आणि काझेहाया मात्र शाळेच्या त्याच वर्गात थांबून होते, आणि त्यांचे पुढे काय झाले हे मला मनापासून पाहायचे होते.

कथा होक्काइदोतल्या एका शाळेतली आहे. सावाको कुरोनुमा ही लांब काळ्या केसांची, अबोल मुलगी एका भयपटातल्या भुतासारखी दिसते म्हणून वर्ग तिला ‘सादाको’ म्हणतो आणि तिच्या डोळ्यांत पाहिले तर अपशकुन होतो असे मानतो. काझेहाया हा सर्वांचा आवडता मुलगा तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो, आणि मालिकेतले सारे प्रेम त्या एका हाकेतून सुरू होते. ज्या गावाच्या पाटीवर नाव कोणते आणि कोणत्या लिपीत असावे यावरचे वाद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, तिथल्या माणसाला या हाकेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नावे ठेवणारे पुष्कळ असतात, नाव घेणारा एखादाच भेटतो.

पंचवीस भागांच्या पहिल्या पर्वातला (२००९-१०) शाळेच्या स्वच्छतागृहातला प्रसंग मी आजवर कितीदा पाहिला असेन याची गणती नाही. स्वतःबद्दलची निंदा इतकी वर्षे निमूटपणे ऐकून घेतलेली सावाको, आयाने आणि चिझुरू या दोन मैत्रिणींबद्दल कुणी वावगे बोलताच तिथल्या मुलींच्या वाटेत उभी राहते आणि ते शब्द मागे घ्या म्हणून अडून बसते. तिचा आवाज कापत असतो, पण ती हलत नाही. प्रेमकथा म्हणून सुरू झालेल्या मालिकेने आधी मैत्री इतक्या जिव्हाळ्याने रंगवावी, हे मला तेव्हाही विशेष वाटले होते आणि आजही वाटते. सावाकोला आवाज देणाऱ्या मामिको नोतो यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यांचा तो जवळजवळ पुटपुटण्याइतका हळू स्वर ऐकायचा असेल तर मालिका जपानीतच पाहावी.

भाषेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ‘किमी नी तोडोके’ याचा अर्थ ‘तुझ्यापर्यंत पोचू दे’ असा आहे. इंग्रजी नावात त्याचे ‘माझ्याकडून तुला’ असे झाले आणि त्यातली विनवणी हरवली. तीच गत ‘सुकी’ (आवडणे) या शब्दाची. इंग्रजी उपशीर्षके त्यासाठी कधी एक क्रियापद वापरतात, कधी दुसरे, आणि दोन्ही वेळा ‘मी’ पुढे येतो. मराठीत मात्र ‘मला तू आवडतोस’ म्हणताना क्रियापद समोरच्या माणसाप्रमाणे चालते, आणि जपानी वाक्यातला भावही त्याच्या फार जवळचा आहे. दुसऱ्या पर्वात (२०११) गैरसमजांचे सगळे गुंते ओलांडून हे दोघे शेवटी एकमेकांना आपल्या मनातले सांगतात, तेव्हा मी उपशीर्षके वाचणे सोडून दिले होते.

माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते. बहुतेक प्रेमकथा या कबुलीपाशी येऊन थांबतात, जणू पसंती कळवली की स्थळाचे काम संपले. याला व्यवहाराची बाजू आहे, हे मला मान्य आहे. या मालिका बहुधा मूळ चित्रकथा चालू असतानाच तयार होतात, प्रकाशक आणि इतर कंपन्या मिळून पैसा घालतात, आणि बारा-तेरा भागांत वाचकाला पुस्तकाकडे वळवले की त्यांचा हेतू बराचसा साधतो. कारुहो शिइना यांची ही चित्रकथा २०१७ मध्ये तीस खंडांत पूर्ण झाली. दुसरे पर्व आले तेव्हा ती निम्म्याच्या आसपास होती. पण मूळ कथा पूर्ण होत आलेली असूनही घाई केली तर काय होते, ते ‘होरिमिया’ या दुसऱ्या शालेय प्रेमकथेच्या मालिकेने २०२१ मध्ये दाखवले: सोळा खंडांची कथा तेरा भागांत बसवताना ज्या साध्यासुध्या दिवसांसाठी ती वाचायची, तेच दिवस गळाले, आणि २०२३ मध्ये ते वेगळ्या तेरा भागांत द्यावे लागले.

म्हणून कबुलीनंतरचे आयुष्य दाखवणाऱ्या या तिसऱ्या पर्वाकडून माझ्या अपेक्षा मोठ्या होत्या, आणि त्यातली एक तरी पुरी झाली. सोबत असूनही काझेहाया सावाकोपासून अंतर राखू लागतो. तिला जपण्याच्या नादात तो तिला एकटे पाडतो आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही, आणि आपलेच काही चुकले असेल असे समजून ती गप्प राहते. ओकिनावाच्या सहलीत हे मौन फुटते. तिथपर्यंतचा प्रवास पाहताना मामेबहीण कळवळून म्हणाली, “आक्का, हे दोघं नुसतं लाजालेत की गं. बोलणार कधी?” त्याच क्षणी वीज गेली, आणि उरलेला प्रसंग आम्ही मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, डोक्याला डोके लावून पाहिला.

मात्र पाचच भाग, प्रत्येक सुमारे तासाभराचा, ही मांडणी या कथेला मानवत नाही. सावाकोला एक वाक्य बोलायला पूर्वी एक अख्खा भाग लागत असे, आणि ते वाक्य आले की आपलाही जीव भांड्यात पडत असे. आता चिझुरू आणि र्‍यू, आयाने आणि केंतो या जोड्यांच्या कथा एकापाठोपाठ एक येतात आणि रुजण्याआधीच पुढे सरकतात. आयानेच्या मनातली घालमेल हा माझ्या मते मूळ कथेतला सर्वांत परिपक्व भाग आहे. त्याला इथे मिळालेली जागा अपुरी आहे. चित्रे अधिक रेखीव झाली आहेत, परंतु पहिल्या पर्वातला तो फिकट, पाण्याने पसरल्यासारखा रंग मला पदोपदी आठवत राहिला.

पहिली दोन पर्वे न पाहता तिसऱ्याला हात घालू नये. ‘फ्रूट्स बास्केट’ ही अशीच एक अ‍ॅनिमे मालिका २००१ मध्ये सव्वीस भागांत अर्धवट राहिली होती आणि २०१९ ते २०२१ या काळात त्रेसष्ट भागांत नव्याने, पूर्ण सांगितली गेली. सावाकोच्या कथेलाही तेवढाच अवकाश मिळायला हवा, आणि त्यासाठी आणखी काही वर्षे वाट पाहण्याची माझी तयारी आहे.