नोड्यूल गोळा करणारं यंत्र: कोणता आक्षेप टिकतो?

समुद्रतळ पोखरणारा राक्षस, ही या यंत्राची प्रतिमाच मुळात चुकीची. प्रशांत महासागरातल्या, हवाई आणि मेक्सिकोदरम्यानच्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात 4,000 ते 5,500 मीटर खोलीवर नोड्यूल, म्हणजे मँगनीज, निकेल, कोबाल्टसारखे धातू असलेले गोटे, मऊ गाळावर बटाट्यांसारखे सुटे पडलेले असतात. ड्रिल नाही, सुरुंग नाही. दातेरी कटर लागतो तो उष्ण झऱ्यांजवळच्या सल्फाइड खनिजांना आणि सागरी डोंगरांवरच्या कोबाल्टयुक्त थराला. टीकेत या तिघांची सर्रास खिचडी होते.

2022 मध्ये ‘हिडन जेम’ जहाजावरून चाचणी झालेलं यंत्र घ्या. पुढच्या तोंडातून पाण्याचे फवारे सुटतात, ते वक्र पृष्ठभागाला चिकटून वळतात आणि त्या ओढीने नोड्यूल वर येतात. बराचसा गाळ आतच वेगळा होऊन मागून बाहेर पडतो. नोड्यूल लवचीक नळीतून रायझरमध्ये, म्हणजे जहाजापर्यंत जाणाऱ्या उभ्या पाइपात, जातात आणि तिथून दाबाच्या हवेने 4.3 किलोमीटर वर. 3,000 टनांहून जास्त माल असा जहाजावर आला, तेव्हा उचलण्याच्या कामात खोट काढता येत नाही. नखरे आहेत ते तोंडाच्या उंचीचे: खाली धरलं की गाळच ओढतं, वर धरलं की गोटे मागे राहतात.

गाळाच्या ढगांची भीती? 2021 मध्ये ‘पटानिया 2’ या दुसऱ्या चाचणी-यंत्राच्या मागे केलेल्या मोजणीत 92 ते 98 टक्के गाळ तळापासून 2 मीटरच्या आतच सरपटत राहिला. पण हा दिलासा फक्त तळापुरता. जहाजावर नोड्यूल निथळल्यावर उरलेलं गढूळ पाणी 2022 च्या चाचणीत 1,200 मीटर खोलीवर, म्हणजे स्वच्छ पाण्यात सोडलं गेलं. शिवाय त्याच चाचणीत विभाजक ओसंडून थोडं पाणी थेट समुद्रात गेलं. टीकाकारांनी बोट इथे ठेवायला हवं.

‘तिथे आहेच काय?’ हा समर्थकांचा समजही तितकाच कच्चा. त्या चिखलात स्पंज आणि प्रवाळांना चिकटायला कठीण जागा म्हणजे नोड्यूलच, आणि तो दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. पेरूजवळ 1989 मध्ये तळ नुसता नांगरला होता, नोड्यूल उचललेही नव्हते. तरी 2015 मध्ये चरे स्पष्ट दिसत होते. फवारा कितीही सुधारला तरी हा आक्षेप जागचा हलत नाही. तळाला न टेकता एकेक गोटा टिपणारे रोबोटही येत आहेत. त्यांनी गाळ कमी उडेल. मागे किती गोटे सोडणार, ते विचारून घ्या.