पुण्यातल्या रविवार पेठेतलं लोकरीचं छोटं दुकान, अर्धवट कामं घेऊन जाच!

आईचं क्रोशाचं तोरण 11 फुलांचं, त्यातली 7 झाली आणि दोरा संपला, मग ते लॉकडाऊनपासून पिशवीतच पडून होतं. तीन ठिकाणी फिरले, पांढरा दोरा ढीगभर मिळतो पण हा मोतिया रंग कुठेच मिळेना. इथल्या काकूंनी जुनं फूल दारात उजेडात धरलं, चार लड्या शेजारी लावून बघितल्या आणि बरोब्बर तीच काढून दिली. वर उरलेलं टोक मागच्या टाक्यांतून उलटसुलट ओवून कसं लपवायचं तेही करून दाखवलं, नाहीतर धुतल्यावर सुटतं म्हणे. जागा अगदी चिंचोळी, गर्दीत उभं राहायला होत नाही, दुपारी जा.

काल शेवटची गाठ मारली आणि आईने तोरणावरून नुसता हात फिरवला, तेवढ्यात सगळं आलं.

तिथून शनिवारवाडा जवळच, अर्धवट राहिलेल्या कामावरून तोही आठवला. 10 जानेवारी 1730 ला पाया, 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत, पण दिल्ली दरवाजा पुरा व्हायला नानासाहेब पेशव्यांचा काळ उजाडला. आता आजीची गोधडी काढलीये, तिच्यासाठी दोरा आणायला शनिवारी परत जातेय.